शेतीच्या संशोधनात सरकारनेच पैसा का घालायचा?

मंडळी, जेएल-२४ भुईमूग किती जणांनी पेरलाय? हात वर करा जरा. बघा, पन्नाशीच्या वरचे जवळजवळ सगळेच. हे वाण आपल्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातलं, बाहेरून आलेल्या बियाण्यातून निवड करत करत तयार केलेलं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते शेतकऱ्याच्या हातात पडलं. नव्वद-पंच्याण्णव दिवसात काढणीला येतं म्हणून कमी पावसाच्या पट्ट्यात ते देशभर गेलं, आणि तिकडे आफ्रिकेत मलावी देशात ‘काकोमा’ या नावाने तेच वाण पेरतात. म्हणजे सरकारी पगारावर काम करणाऱ्या माणसांनी जळगावात केलेलं काम कुठवर गेलं बघा.

आता हेच काम एखाद्या कंपनीने केलं असतं का? भुईमुगाचे एकरी ४०-५० किलो दाणे लागतात, साठवायला जड, न्यायला जड, आणि एकदा नेलं की पुढच्या साली शेतकरी घरचंच बी पेरतो. तिळाचं बघा, एकरी किलोभर बी पुरतं आणि तेही घरचंच ठेवता येतं, मग त्यात विकायचं काय आणि किती? एक वाण तयार व्हायला आठ-दहा वर्षं जातात, तेवढी वर्षं कोण पगार देत बसेल. मी कंपनीला नावं ठेवत नाही, तो धंदा आहे तिचा, ती कपाशीच्या पाकिटात पैसा घालणार कारण ते नऊशे रुपयांच्या घरातलं पाकीट आपण दरवर्षी विकत घेतो. पण तीळ, भुईमूग, बाजरी यांच्याकडे बघायचं कोणी? जास्त लोह असलेली ‘धनशक्ती’ बाजरी इक्रिसॅट ही हैदराबादजवळची आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि आपल्या धुळ्याचं बाजरी केंद्र यांनी मिळून केली, कुठल्या कंपनीने नाही.

आणि नुसत्या बियाण्याची गोष्ट नाही ही. कपाशीचं घ्या. २००२ मधे बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं आलं, सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या, ते खरंय. मग बीटीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ ला पिकाचं काय केलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. उपाय काय निघाला? डिसेंबरअखेर कपाशी उपटून टाका, फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर पाणी देऊन पुढे वाढवलेलं तेच पीक, ठेवू नका, मे महिन्यात लागवड करू नका. कारण जून-जुलैत कोषातून जे पतंग निघतात त्यांच्या अळ्यांना पाते-फुलं मिळाली नाहीत तर ती पिढी तिथेच संपते, आणि आपण ठिबकवर मे मधे कापूस लावून त्यांच्यासाठी फुलं तयारच ठेवतो. हे ज्ञान कुठल्याही बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून ते शोधायला कोणी खाजगी पैसा लावणार नाही. पण इथेच खरा अवघड प्रश्न आहे भो, हंगामपूर्व कापूस आपण हौसेने लावत नाही, आपल्याला त्यात जास्त कापूस निघतो आणि रब्बीला रान लवकर मोकळं होतं. मग लागवड नक्की कोणत्या आठवड्यात केली तर अळीही आटोक्यात राहील आणि खर्च जाऊन हातात पैसाही उरेल, हे आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या विहिरीच्या पाण्यावर, चार-पाच हंगाम करून बघायला हवं. आणि हिशोब मांडताना मजुरी आपल्या गावची धरायला हवी.

केळीचंही तसंच. रावेर-यावलकडे सीएमव्ही हा विषाणूचा रोग, ज्याला आपण हरण्या म्हणतो, तो मावा किडीमुळे पसरतो, आणि तो बांधावरच्या तणात आणि काकडीवर्गीय पिकात दबा धरून बसतो. हे शोधायला माणूस बाराही महिने शिवारात फिरला पाहिजे. आणि फिरणार कोण? कृषी विद्यापीठांमधे बऱ्याच जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत.

२०२३-२४ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत स्पष्ट लिहिलंय की कृषी संशोधनात घातलेल्या एका रुपयाचे १३.८५ रुपये होऊन परत येतात. तरी आपला देश शेती उत्पन्नाच्या अर्धा टक्क्याच्या आसपासच यावर खर्च करतो, निदान एक टक्का करा असं जाणकार किती वर्षं सांगताहेत. मला याचा खरंच राग येतो, कारण हा पैसा म्हणजे शेतकऱ्यावर उपकार नाही, खतापासून डिझेलपर्यंत कर आपणही भरतो.

मागून एक दादा विचारताहेत, पैसा वाढला तरी आपल्यापर्यंत येईल कशावरून? रास्त प्रश्न आहे. म्हणून नुसता पैसा मागू नका, प्रयोगाचे प्लॉट शेतकऱ्याच्या रानात मागा, कोरडवाहूवाल्याच्याही, आणि प्रयोग फसला तरी त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. पुढच्या ग्रामसभेत दोन ओळींचा ठराव करा, की जळगाव-धुळ्याच्या केंद्रातल्या रिकाम्या जागा भरा आणि कपाशीच्या लागवड तारखेचे प्रयोग आमच्या गावात घ्या. एक प्रत आमदारांना द्या, एक राहुरीच्या कृषी विद्यापीठाला पाठवा, आणि पोच घ्यायला विसरू नका.