हद्द नेमकी कुठे? फिलाख ते क्युसाफोर्ते, सायकलवरून

(सकाळ. गाइल नदीकाठची सायकलवाट.)

ऑस्ट्रियातलं फिलाख मागे पडलंय. कॅरिअरला दोन्हीकडून पॅनिअर बॅगा, कडेला मक्याची शेतं. साल्झबर्गहून निघून एड्रियाटिक समुद्राकाठच्या ग्रादोला पोचणारा हा आल्पे-आद्रिया मार्ग, सुमारे 410 किलोमीटरचा. आज त्यातला सीमा ओलांडणारा टप्पा.

आर्नोल्डश्टाइन सोडलं की चढ लागतो. फार नाही, पण लादलेल्या सायकलला तो कळतोच. आणि मग एक निळा फलक, बारा ताऱ्यांच्या मधोमध ‘इटली’. झालं! इथली नेहमीची तपासणी 1998 मध्येच उठली. शेंगेन व्हिसासाठी मुंबईत बँक स्टेटमेंटपासून हॉटेल बुकिंगपर्यंत कागदांची चळत देऊन आलेल्या माणसाला हे जरा अपमानास्पदच वाटतं. पासपोर्ट मात्र जवळ हवाच.

(काम्पोरोस्सो. सपाट कुरणं.)

तारविझियोच्या पुढचं हे गाव, साधारण 800 मीटर उंचीवर. इथे काही विशेष घडलंय, असं पायांना अजिबात जाणवत नाही. पण सकाळपासून ज्या पाण्याच्या उलट दिशेने आपण आलो, ते गाइल, द्रावा, डॅन्यूब असं करत काळ्या समुद्राला मिळतं. इथून पुढचं पाणी फेल्ला नदीत उतरतं, तिथून तालियामेन्तोत आणि शेवटी एड्रियाटिकमध्ये. त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला एक थेंब गोदावरीचा होतो आणि शेजारचा वैतरणेचा, तसंच. देशांची रेघ मात्र पाणी विभागणाऱ्या या रेषेवर नाही, ती आपण मघाशीच ओलांडली. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या तहाने हे खोरं ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेलं आणि रेघ उत्तरेला सरकली.

मग आधी ती कुठे होती? आणखी वीसेक किलोमीटर उतारावर.

(पोंतेब्बा. नदीवरचा पूल.)

1866 नंतर या छोट्या नदीच्या एका काठावर इटलीचं पोंतेब्बा होतं, दुसऱ्या काठावर ऑस्ट्रियाचं पोंटाफेल. 1879 मध्ये रेल्वे आली, तीही दोन देशांची, दोन स्टेशनांची. आज दोन्ही मिळून एकच गाव आहे. रेघ हलवणं सोपं होतं, माणसांचं तसं नव्हतं. 1939 मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात करार झाला. खोऱ्यातल्या जर्मनभाषकांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले: जर्मन राइखमध्ये जा, नाहीतर इटालियन होऊन राहा. बहुतेकांनी गाव सोडलं.

(बोगदा. लोखंडी पूल. खाली फेल्लाचं निळसर पाणी.)

या प्रवासातला सगळ्यात सुंदर भाग हाच. आपण जुन्या रेल्वेच्या वाटेवरून चाललोय. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून इथला उतारही मवाळ, ब्रेक न दाबता उतरावं असा. बोगद्यांत दिवे आहेत, भर उन्हाळ्यात आतला गारवा अंगावर येतो. बाहेर पडलं की पूल, पुन्हा बोगदा.

क्युसाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात आता कॅफे आहे. फलाटावर सायकली टेकवायच्या आणि कॉफी मागवायची. पाय थकले असतील, तर उदिने आणि फिलाख यांच्यामध्ये सायकली नेणारी गाडीही आहे. पण नवा लोहमार्ग बराचसा डोंगराच्या पोटातून जातो. तिकीट काढून बोगद्याची भिंत बघायची असेल, तर खुशाल बसा.