दोन वर्षं म्हणाले होते

(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार मंडळी. माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी 'दोनच मिनिटं घेतो' असं सांगून सुरुवात केली होती आणि आता फराळाची वेळ टळून गेली आहे, म्हणून मी तसलं काही कबूल करत नाही. कार्यकारिणीनं मला विषय दिलाय: आपण आर्मेनियन कुटुंबांसाठी निधी जमवला, त्याचं पुढं काय झालं. ते सांगते, पण मागून सुरुवात करावी लागेल.

मी इथं लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेलमध्ये फार्मसीत काम करते, हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, कारण तुमच्या गोळ्या मीच देते. आमच्या काउंटरवर दिवसभर आर्मेनियन भाषा चालते. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका आजींनी ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पिशवी घेतली, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "त्सावद तानेम, जान." जान कळलं, ते आपल्याकडेही आहे. बाकीचं मी शेजारच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, याचा अर्थ 'तुझं दुखणं मी घेऊन जाते'. माझी लातूरजवळच्या औशाची आजी माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. आलाबला घेणं म्हणतात त्याला. ते इथं काउंटरवर भेटेल असं वाटलं नव्हतं.

आता औषधांची गोष्ट.

७ डिसेंबर १९८८. सकाळचे ११ वाजून ४१ मिनिटं, म्हणजे मुलं शाळेत. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या आर्मेनियाच्या उत्तर भागात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. स्पिताक हे गाव जवळजवळ नाहीसं झालं. लेनिनाकान, म्हणजे आजचं ग्युमरी, तिथल्या नऊ-नऊ मजली सोव्हिएत इमारती बसक्या झाल्या. काँक्रीट नावालाच होतं. किमान पंचवीस हजार माणसं गेली आणि पाच लाखांच्या आसपास बेघर झाली, तीही तिथल्या हिवाळ्यात. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह त्या वेळी न्यूयॉर्कला होते, ते दौरा सोडून परतले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच सोव्हिएत संघानं बाहेरच्या जगाकडे मदत मागितली, आणि जगानं ती दिली. विमानंच्या विमानं उतरली.

त्या विमानांतून औषधं आणि दवाखान्याचं सामान मिळून किमान पाच हजार टन माल आला. तो नेमका काय आहे हे कळायलाच पन्नास माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के औषधं मुदत संपलेली होती, चार टक्के थंडीनं गोठून वाया गेली. जी उरली त्यातली जेमतेम तीस टक्के सहज ओळखता येत होती, कारण खोक्यांवर नुसती कंपनीची नावं होती, आत कोणतं औषध आहे ते नव्हतं. पुढं १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं औषधं दान कशी करावीत याचे नियम काढले, त्यात आर्मेनियाचं हे उदाहरण आहे. आमच्या व्यवसायात ते शिकवलं जातं.

मला ते शिकायची गरज पडली नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पनला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक नुकते आडवे झाले होते तेव्हा, किल्लारीला जमीन हलली. मी तेव्हा लातूरला डी. फार्म. करत होते. चौथ्या दिवशी सरांनी आम्हाला एका गोदामात नेलं. छतापर्यंत खोकी. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, टोपणाला पाक चिकटलेला. डॉक्टरांकडची सॅम्पलं. शक्तिवर्धक टॉनिक, तेही ज्याच्या घरात चार माणसं माळवदाखाली गेली त्याला! आम्ही तीन ढीग केले: चालेल, चालणार नाही, आणि देव जाणे. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला. बाहेर पावसाच्या चिखलात नायलॉनच्या साड्या आणि फाटक्या पँटी पडल्या होत्या आणि त्यांच्यावरून ट्रक जात होते. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी कपाट मोकळं केलं आणि त्यांना बरं वाटलं, एवढंच.

म्हणून २०१७ साली मुलीच्या हट्टापायी मी ग्युमरीजवळच्या एका खेड्यात दहा दिवस स्वयंसेवक म्हणून गेले, तेव्हा मनात शंका घेऊनच गेले. अमेरिकेतून विमानानं जाऊन घमेली उचलायची, यात आपलंच समाधान जास्त, हे मला दिसत होतं. अजूनही दिसतं.

तिथं मी पहिल्यांदा डोमिक पाहिलं. डोमिक म्हणजे रशियन भाषेत छोटं घर. आपण सामानाचा कंटेनर किंवा पत्र्याची वॅगन म्हणू ते. भूकंपानंतर तात्पुरता निवारा म्हणून ही हजारोंनी आणून ठेवली. दोन वर्षांत पक्की घरं बांधून देऊ, असं मॉस्कोनं सांगितलं होतं. क्रेन आल्या, कामंही सुरू झाली. मग १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. कामगार आपापल्या देशांत गेले. त्यात काराबाखची, म्हणजे अझरबैजानमधल्या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशाची लढाई, तुर्कस्तान आणि अझरबैजानकडच्या सीमा बंद. भूकंपाच्या भीतीनं मेत्सामोरचं अणुवीज केंद्र १९८९ मध्ये बंद केलेलं, ते १९९५ पर्यंत बंदच. दिवसातून तास-दोन तास वीज. लोकांनी चुलीत झाडं घातली, जमिनीच्या लाकडी फळ्या घातल्या, पुस्तकं घातली. 'अंधाराची आणि थंडीची वर्षं' असंच नाव आहे तिकडे त्या काळाला.

ज्या आजींचं घर आम्ही बांधायला गेलो होतो, त्या मला हाताला धरून आपल्या डोमिकमध्ये घेऊन गेल्या. भिंतींना गालिचे ठोकलेले. मी म्हटलं, किती छान! त्यांनी गालिच्याचा कोपरा उचलून दाखवला. मागं पत्रा गंजून बोट जाईल एवढं भोक, त्यात वर्तमानपत्राचा बोळा. मधोमध लोखंडी शेगडी, तिच्या धुराड्याखाली डबा लटकवलेला, काजळीचं पाणी गळतं म्हणून. उणे वीस तापमानात रात्री केस उशीला चिकटायचे, असं त्यांनी खुणांनी सांगितलं. मग दोन बोटं वर केली. दुभाष्या मुलगा म्हणाला, "दोन वर्षं म्हणाले होते, असं त्या सांगतायत." तेव्हा एकोणतिसावं वर्ष चालू होतं.

इतकी वर्षं कशी लागली? मदतीच्या याद्या झाल्या त्या भूकंपात घर गेलेल्यांच्या. डोमिकमध्ये जन्मून, डोमिकमध्येच लग्न झालेल्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नाही. एकाला फ्लॅट मिळाला की तो आपलं डोमिक दुसऱ्या गरिबाला विकून जायचा. पत्रा तिथंच, माणसं बदलायची. २००१ नंतर अमेरिकी सरकारच्या मदतीनं एक वेगळा मार्ग काढला गेला. कुटुंबाला घर खरेदीचं प्रमाणपत्र द्यायचं, बाजारात त्यांनी स्वतः फ्लॅट शोधायचा, आणि ताबा घेताना डोमिक पाडलं गेलं पाहिजे ही अट. त्यातून हजारो कुटुंबं सुटली. ग्युमरीतले काही रस्ते त्यामुळे पुन्हा रस्त्यासारखे दिसायला लागले. मला ती अट फार शहाणपणाची वाटते.

आजींचं मात्र खेड्यातलं, अर्धवट घर होतं. आर्मेनियाच्या खेड्यांत जोत्यापर्यंत, फार तर भिंतींपर्यंत येऊन थांबलेली घरं पावलोपावली दिसतात. सोव्हिएत बँकेतली बचत एका झटक्यात कवडीमोल झाली, आणि घरातले पुरुष हंगामी कामाला रशियात गेले. (आमच्या मराठवाड्यातले लोक कोयता घेऊन जातात, तसेच. फक्त तिकडे मुक्काम आठ-नऊ महिन्यांचा.) हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी आणि फुलर सेंटर या संस्थांनी तिथं असलीच घरं पुरी करून दिली आहेत. फुलर सेंटरची पद्धत मला आवडली. कुटुंबाला बिनव्याजी कर्ज मिळतं, ते वर्षानुवर्षं छोट्या हप्त्यांनी फेडायचं, आणि फेडलेला पैसा पुढच्या घराच्या छपराला. कामात घरच्यांनी उतरायचं. आपल्याकडच्या बचत गटातल्या बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आजींच्या घरी हप्त्यावरून भांडणंही ऐकली मी. सुनेचं म्हणणं, इतक्या वर्षांनी मदत मिळतेय तीही फेडायची? तिचंही काही खोटं नव्हतं. आजी काही बोलल्या नाहीत, वाळू चाळत राहिल्या. त्यांच्या चाळणीतून निघालेली वाळू माझ्यापेक्षा बारीक असायची. मला तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी चाळणीवरून उठवून स्वयंपाकघरात लावलं.

असाच आणखी एक प्रकार सांगते, कारण तो औशात कळेल असा आहे. हेफर इंटरनॅशनल ही संस्था आर्मेनियातल्या खेड्यांत गाभण कालवडी देत आली आहे. अट एकच: तिला पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या कुटुंबाला द्यायची. आमच्याकडे शेळी अर्धलीनं, म्हणजे पिल्लं निम्मी-निम्मी वाटून घ्यायच्या बोलीवर देतात, त्याचंच हे भावंड. घेणारा लगेच देणारा होतो, आणि गावात मान खाली घालायची वेळ येत नाही.

आर्मेनियन लोकांना हे नवं नाही. १९१५ नंतर ऑटोमन साम्राज्यातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) आर्मेनियन लोकांच्या कत्तलीतून जीव वाचवून निघालेल्या मुलांसाठी अमेरिकेत जी संस्था उभी राहिली, ती पुढं निअर ईस्ट रिलीफ म्हणून ओळखली गेली. १९३० पर्यंत तिनं अकरा कोटी डॉलरवर रक्कम जमवली. सगळ्यात मोठं अनाथालय होतं अलेक्सांद्रोपोलला, रशियन लष्कराच्या जुन्या बराकींत, वीस हजारांवर मुलं. अलेक्सांद्रोपोल म्हणजे पुन्हा हेच ग्युमरी. लेबनॉनमधल्या गझीरच्या अनाथालयात मुलींना गालिचे विणायला शिकवत. त्यांनी चाळीस लाखांहून जास्त गाठींचा एक गालिचा विणून १९२५ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना पाठवला, आभार म्हणून. तो आजही व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे. माझ्या काउंटरवर येणाऱ्या कितीतरी आजींच्या आया असल्याच कुठल्यातरी अनाथालयात वाढल्या. मुंबईकरांनी आता विचारू नये की आपला यांच्याशी काय संबंध; फोर्टातलं आर्मेनियन चर्च १७९६ चं आहे, तुम्ही त्याच्यावरून शंभरदा गेला असाल.

आता आपल्या निधीकडे येते. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजाननं नागोर्नो-काराबाखवर हल्ला केला आणि आठवड्याभरात एक लाखाहून जास्त माणसं, जवळजवळ सगळीच आर्मेनियन वस्ती, लाचिनच्या एकुलत्या एका रस्त्यानं आर्मेनियातल्या गोरिसला आली. एरवी दोन-तीन तासांची वाट. त्या वेळी दीड-दीड दिवस लागला. त्याआधी नऊ महिने तोच रस्ता अडवलेला, त्यामुळे औषधं आणि खाणं आधीच संपलेलं. तीस लाखांच्या देशात एका आठवड्यात एक लाख माणसं! सरकारनं भाड्यासाठी आणि वीज-पाण्यासाठी दरमहा माणशी पन्नास हजार द्राम, म्हणजे सव्वाशे डॉलरच्या आसपास, द्यायला सुरुवात केली.

आपल्या बैठकीत प्रश्न आला होता: विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी अडचणीत असताना आर्मेनिया कशाला? प्रश्न विचारणारे काका पुढच्या रांगेत बसलेत, मला दिसतायत. काका, मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नव्हतं. २०२५ च्या जानेवारीत इथं जवळच आल्टाडेनाला वणव्याची आग लागली, तेव्हा आपली दोन कुटुंबं रात्री अडीच वाजता गाडीत बसून होती. त्यांना दार उघडलं ते माझ्या आर्मेनियन सहकारिणीच्या आईनं. आग पेटलेली असताना आर्मेनियन लोकांची स्वतःची एक शाळाही जळत होती. विदर्भाचा निधी आपण वेगळा जमवतोच, आणि यंदाही जमवू.

आपण सामान पाठवलं नाही. एक सदस्य तीन पिशव्या स्वेटर घेऊन आले होते, ते मी परत पाठवले. ते माझ्याशी महिनाभर बोलत नव्हते. पैसे इथल्या चर्चच्या समितीमार्फत गेले आणि समितीनं तिकडच्या कुटुंबांना आधी विचारलं. काराबाखच्या राजधानीतून, स्तेपानाकेर्तमधून आलेली एक शिलाईवाली बाई होती. आम्ही सगळ्यांनी मनात शिलाई मशीनच धरलं होतं. तिनं सांगितलं, मशीन मी गाडीच्या टपावर बांधून आणलंय, मला कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन हवंय, त्याशिवाय शाळेच्या गणवेशाचं काम मिळत नाही. ते घेतलं. पावती मंडळाच्या फायलीत आहे, आर्मेनियन लिपीत. खजिनदारांना ती उलटी लावलीय की सुलटी हे अजून कळलेलं नाही. उरलेले पैसे दोन घरांच्या अनामत रकमेत गेले.

ग्युमरीच्या आजींचं राहिलं. मागच्या महिन्यात त्यांच्या नातवानं फोटो पाठवला. घराला आता निळा दरवाजा आहे. हप्ते अजून चालू आहेत. डोमिक मात्र त्यांनी मोडलं नाही, तिथं कुणी अट घातली नव्हती. त्यात कोंबड्या असतात, आणि भिंतीवर एक जुना गालिचा अजूनही आहे. नातू लिहितो, आजी म्हणते कोंबड्यांनाही थंडी वाजते.

चकल्या मऊ पडतील असा निरोप आलाय. थांबते.