सही एकाची, शिडीवर दुसराच

नमस्कार मंडळी! आज लाईटच्या कामाबद्दल बोलणार आहे, म्हणजे वायरिंगचं काम आपण कोणाला देतो आणि त्याच्याकडे कुठले कागद असायला पाहिजेत त्याबद्दल. कागद म्हटलं म्हणून लगेच स्टेशन बदलू नका, तुमच्याच घराचा आणि खिशाचा मामला आहे.

मी ठाण्यात हीच कामं घेतो त्यामुळे ग्राहकाचा पहिला प्रश्न मला पाठ झालाय, "पॉइंटचा रेट काय?" लायसन आहे का असं विचारणारा क्वचित भेटतो आणि इन्शुरन्सचं तर कोणी नावच काढत नाही.

आता बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायचाय तर लायसनवाला लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. पण वायरिंगची क्षमता बदलणारं काम आलं, एसीचा नवा पॉइंट, गीझरची वेगळी लाईन, पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर, की ते राज्य सरकारचं लायसन असलेल्या कंत्राटदारानेच करायचं, त्याच्याकडे सर्टिफिकेटवाला सुपरवायझर पाहिजे आणि प्रत्यक्ष तारेला हात लावणाऱ्याकडे वायरमनचं परमिट. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आधी 2010 चे होते, 2023 ला नवे आले, ही अट तेव्हाही होती आणि आताही आहे. पोरगं आयटीआय करून आलं म्हणजे लायसन खिशात आलं असं नसतं बरं का.

ह्याने फरक काय पडतो ते सांगतो. वाशी-नेरुळकडची सिडकोची जुनी घरं घ्या नाहीतर नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगी, वायरिंग बल्ब-पंख्याच्या हिशोबाने केलेलं आणि त्याच्यावर आता दीड टनाचा एसी. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखा पडतो, लोक वैतागतात, मग कोणीतरी ओळखीतला येतो, 16 चा काढून 32 चा टाकतो, चहा पिऊन जातो. एमसीबी पडायचा थांबला, सगळे खूश! अहो, एमसीबी असतो तो भिंतीतल्या वायरसाठी, वायर झेपेल त्याच्या वर करंट गेला की त्याने पडायलाच पाहिजे. आता वायर आतल्या आत तापणार, इन्सुलेशन कडक होऊन तडकणार आणि पडणारं कोणी उरलंच नाही.

आणि टेस्ट रिपोर्ट. नवीन मीटर घ्यायचा किंवा लोड वाढवायचा तर महावितरण लायसनवाल्या कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागते, मुंब्रा-कळव्यात 2020 पासून विजेचं काम टोरंट कंपनीकडे आहे तिथेही कागद तोच. मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं असतं म्हणून तर हा रिपोर्ट. त्यात मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मशीन, लावून 500 व्होल्टला एक मिनिट इन्सुलेशन तपासायचं, किमान 1 मेगाओहम आलं पाहिजे, अर्थिंग मोजायचं. आणि आमच्या धंद्यात होतं काय, वायरिंग करतो एक, सही करतो दुसराच, ज्याने तुमचा जिनासुद्धा पाहिलेला नसतो. शिक्का मारायचे पैसे घेतो आणि आकडे घरी बसून भरतो. मला ह्याची खरंच चीड येते, कारण उद्या काही झालं तर कागदावर सगळं ओके असतं. त्यामुळे सरळ सांगा, मेगर माझ्यासमोर लावा. फार वेळ लागत नाही, ज्याच्याकडे मेगरच नाही तो लगेच कारणं द्यायला लागेल, मग समजून जा. आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, बसवला असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबून दाखवायला सांगा, घरासाठी तो 30 मिलीअँपिअरचा असतो.

आता शिडीवरचा पोरगा. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, येतं, पण आमच्यातले बरेच जण तीन-चार पोरांवर धंदा चालवतात, ती पोरं त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगार नुकसानभरपाईचा विमा. प्रीमियम कामगार किती, पगार किती आणि काम काय ह्याच्यावर ठरतो, म्हणून काही जण पॉलिसीत दोन दाखवतात आणि साइटवर पाच नेतात, क्लेमच्या वेळी हेच अंगाशी येतं. हॉस्पिटलचा खर्च बऱ्याच पॉलिसींमध्ये वेगळा जोडून घ्यावा लागतो, ते नीट वाचा. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांनो, तुमच्या धंद्याचंच काम कंत्राटदाराला दिलं आणि त्याचा माणूस तुमच्याकडे जखमी झाला तर तो भरपाई तुमच्याकडे मागू शकतो, तुम्ही नंतर कंत्राटदाराकडून वसूल करत बसायचं. कंत्राटदाराने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर त्यासाठी लायबिलिटी पॉलिसी वेगळी, ती डब्ल्यूसीमध्ये येत नाही. आणि घराचा विमा आहे म्हणून निवांत राहू नका, शॉर्टसर्किटने आग पसरली तर बाकी सामानाचे पैसे मिळतात, पण ज्या उपकरणात शॉर्ट झाला ते स्वतः सहसा त्यात धरत नाहीत.

गणपती-नवरात्रीच्या मंडळांना एक सांगतो. आकडा टाकून नाहीतर शेजारच्या दुकानातून लाईन ओढून मंडप उजळवू नका, पावसात लोखंडी पाइप आणि सोललेली वायर एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको. महावितरणकडे तात्पुरतं कनेक्शन मागा, वर्गणी गोळा व्हायला लागली की तेव्हाच अर्ज टाका, आणि डेकोरेशनवाल्याकडून वायरिंग कोण करणार त्याच्या लायसनची झेरॉक्स आधी घ्या, तारीख संपलेली नाही ना तेवढं बघा, आणि त्याच माणसाला मंडप उभा झाल्यावर चेक करायला बोलवा, पैशाचा शेवटचा हप्ता तोपर्यंत देऊ नका.