निसर्गातल्या बदलाचा फटका भलत्यालाच का बसतो?

नमस्कार मंडळी, आज थेट मुद्द्यालाच हात घालतो. तापमान वाढलं, पाऊस आटला, की जीव मरतात हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतोय, पण मरतात म्हणजे नेमके कसे, हे कुणी नीट सांगत नाही. बऱ्याचदा तो वाढलेला डिग्री-दोन डिग्रीचा उकाडा त्या प्राण्याला सोसतो, पण तो ज्याच्यावर जगतो त्याचं वेळापत्रक बिघडतं, किंवा ज्याच्या धाकाने तिसराच कुणी गप्प बसलेला असतो तो धाकच निघून जातो, आणि मग फटका बसतो भलत्याच ठिकाणी.

पाइड फ्लायकॅचर नावाचा पक्षी घ्या, चिमणीपेक्षाही लहान. हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि वसंतात नेदरलँड्सच्या जंगलात येऊन पिल्लं वाढवतो. आता ओकच्या झाडांवर अळ्या कधी निघणार हे ठरतं तिथल्या उबेवर, आणि हा पक्षी आफ्रिकेतून कधी निघणार हे मुख्यतः ठरतं दिवस किती मोठा झाला त्यावर. ऊब लवकर यायला लागली, तशा अळ्याही लवकर निघाल्या, पण दिवसाची लांबी काही बदलत नाही ना! पक्षी आला, घाईघाईने अंडी घातली, पिल्लं चोच उघडून बसली तोवर अळ्यांचा सीझन सरत आलेला. 1987 ते 2003 या काळात जिथे अळ्या सगळ्यात लवकर येत होत्या त्या जंगलांमधले हे पक्षी जवळपास 90 टक्क्यांनी घटले. पक्षी तोच, जंगल तेच, खाणंही तेच, फक्त गाठ पडेना.

कुणी म्हणेल, जीव जुळवून घेतात की. घेतात, पण एकेकटा प्राणी आपल्या शरीराची घडण बदलत नाही, हे लक्षात घ्या, आणि त्याची किंमतही बघा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या छोट्या बेटावर 1977 मध्ये मोठा दुष्काळ पडला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं तिथल्या फिंच या बिया खाणाऱ्या लहान पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. मऊ बारीक बिया संपल्या, उरली सराट्याच्या जातीतली काटेरी कडक फळं, ती फोडायची ताकद फक्त जाड चोचीत. सुमारे 85 टक्के पक्षी गेले. जे वाचले त्यांची चोच आधीच्या सरासरीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने जास्त जाड होती, तेवढ्यावर जगणं-मरणं ठरलं आणि पुढच्या पिढीची चोचही जाड निघाली. पण जाड चोचीवाले त्या थव्यांमध्ये आधीपासून होते म्हणून हे जमलं. जिथे मुळात मोजकेच प्राणी उरलेत आणि सगळे एकसारखे आहेत तिथे निवडायला काही नसतंच. (आणि 1983 मध्ये धो धो पाऊस झाल्यावर बारीक बिया वाढल्या, तेव्हा उलट लहान चोचवाल्यांचं फावलं.)

आता मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट, नीट ऐका. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात केल्पची जंगलं होती, म्हणजे तळाच्या खडकाला धरून पार पृष्ठभागापर्यंत वाढणारं प्रचंड शेवाळ, त्यात मासे, गोगलगायी, खेकडे सगळ्यांचा आसरा. तिथेच सी अर्चिन राहतात, काटेरी गोळे, पण ते कपारीत बसून वाहून आलेले केल्पचे तुकडे खायचे. बाहेर का नाही यायचे? तर सनफ्लॉवर सी स्टार, मीटरभर रुंद, 24 पर्यंत हात असलेला तारामासा, तो त्यांना खातो. सी ऑटर, म्हणजे समुद्रातली पाणमांजरं, तीही खातात, पण त्या पट्ट्यातले ऑटर फरसाठी झालेल्या शिकारीत कधीच संपले होते, त्यामुळे सगळी भिस्त या एकावर.

2013 मध्ये तारामाशांमध्ये रोग पसरला, अंग विरघळून हात गळून पडायचे. आणि लगेच 2014 ते 2016 समुद्रात उष्णतेची लाट, कोमट पाण्यात पोषकद्रव्यं कमी, केल्प वाढेना. वाहत येणारे तुकडे बंद आणि त्यांना खाणारा कुणी नाही, मग सी अर्चिन कपारीतून बाहेर पडले आणि उभं जंगल बुडख्यापासून कुरतडलं. 90 टक्क्यांहून जास्त केल्प गेलं. रेड अ‍ॅबलोन ही केल्पवर जगणारी मोठी गोगलगाय उपाशी मेली, 2018 पासून तिची मासेमारीही बंद करावी लागली. आता विचार करा, अ‍ॅबलोनला ना तो रोग झाला होता, ना कुणा माणसाने तिचं जंगल कापलं होतं!

बरं, मग पाणी थंड झाल्यावर सगळं परत आलं का? नाही, कारण सी अर्चिन उपासमारीतही वर्षानुवर्षं तग धरतात, उगवलेला प्रत्येक कोंब खातात. हे केल्प दरवर्षी नव्याने उगवणारं, म्हणजे त्याला दरवर्षी तीच लढाई. आणि जिथे ऑटर अजून आहेत तिथेही ते असले उपाशी, आतून पोकळ सी अर्चिन खात नाहीत, त्यात त्यांना काही मिळतच नाही. म्हणून बदल थांबला की नुकसान आपोआप भरून निघतं असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं.

काम मात्र सुरू आहे. काही ठिकाणी डायव्हर हाताने सी अर्चिन काढतायत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, फ्रायडे हार्बरच्या लॅबमध्ये सनफ्लॉवर सी स्टारची पिल्लं वाढवतायत, आणि 2025 मध्ये तो रोग व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या बॅक्टेरियामुळे होतो हे सापडलं, त्यामुळे कुठली पिल्लं त्याला पुरून उरतात हे समुद्रात सोडायच्या आधीच तपासून बघता येईल.