खळ वाळायच्या आत

श्रोतेहो, नमस्कार.

परवा भाच्यानं मोबाईलवर एक पोस्टर पाठवलं. येऊ घातलेला मराठी सिनेमा. नाव जाड अक्षरात, मागे डोंगर, नायक पाठमोरा. खाली प्रश्न, "मामा, जायचं काय?" मी म्हटलं, "थांब की, आधी पोस्टर वाचूया."

पोस्टर वाचायची सवय बेळगावातली. शाळेच्या वाटेवर एक लांब भिंत होती. गुरुवारी रात्री एक माणूस यायचा. बादलीत मैद्याची खळ, हातात कुंचा, काखेत कागदांची गुंडाळी. सकाळी आम्ही पोचायचो तेव्हा खळ ओलीच असायची. मराठीला खेटून कन्नड, मधेच हिंदी. कन्नड अक्षरं मला पहिल्यांदा त्या भिंतीनं शिकवली. 'शीघ्रदल्ली' म्हणजे लवकरच, 'ई वार तेरेगे' म्हणजे या आठवड्यात पडद्यावर. आधी चित्रावरून अंदाज, मग अक्षरांवरून खातरजमा.

ही कला आपल्या शेजारचीच. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवत, मग सिनेमाकडे वळले. त्यांच्या 'कल्याण खजिना' या 1924 च्या मूकपटाचं पोस्टर देशात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या चित्रपोस्टरांत मोजतात. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन तर मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. हातात एवढासा फोटो, त्यावर चौकटी पाडायच्या, तशाच मोठ्या चौकटी फलकावर, आणि एकेक भरत जायचं. गंमत अशी, की रंगवणाऱ्यानं बहुतेक वेळा सिनेमा पाहिलेलाच नसायचा. म्हणजे न पाहिलेल्या सिनेमाबद्दलचा त्याचा अंदाज बघून आपण आपला अंदाज बांधायचो! आता संगणकावर होतं सगळं. पोस्टरसाठी वेगळे फोटो काढतात, त्यातला प्रसंग सिनेमात असेलच असं नाही.

तरी पोस्टर काहीतरी सांगून जातंच. सात चेहरे दाटीवाटीनं कोंबले असतील, तर गोष्ट कुणाची हे बनवणाऱ्यांचंही ठरलेलं नाही असं मी धरून चालतो. 'अमुक सिनेमाच्या निर्मात्यांकडून' ही ओळ नावापेक्षा ठळक असली, की मी सावध. अहो, निर्माता पैसा घालतो. गोष्ट लिहिली कुणी, ते नाव कुठल्या कोपऱ्यात आहे ते शोधावं.

मी फसलोही आहे. एकदा पिवळंधमक पोस्टर होतं, अख्खं कुटुंब तोंड उघडून हसणारं. आईला घेऊन गेलो. मध्यंतरानंतर जे हॉस्पिटल सुरू झालं ते शेवटपर्यंत. खानापूरच्या गाडीत बसल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, "भिंतीवर तर सगळे हसत होते की रे." उलटही झालंय. नुसतं बंद दार आणि बारीक अक्षरं, असलं पोस्टर बघून मी एक सिनेमा सोडला. आमच्याकडे मराठी सिनेमा आठवडाभर टिकला तर टिकला. शेजारीपाजारी त्याचं नाव काढायला लागेपर्यंत तो गेलेला होता. त्या दाराआड काय होतं, ते मी अजून पाहिलेलं नाही.

तर भाच्याचं पोस्टर. मी ते बोटांनी मोठं करून बघितलं. तारीख नाही, नुसतं 'लवकरच'. चेहरा लपवलाय, ते एक वेळ चालेल. पण डोंगरावर उभा शेतकरी, खांद्यावर कुदळ, आणि सदऱ्याची घडी जशीच्या तशी! पाठीवर दोन सरळ रेघा, कपाटातून काढल्यासारख्या. भाच्याला फोन केला.

"मामा, एवढं पोस्टर पाठवलं, तर तुम्ही इस्त्री बघितली काय?"

"तेच बघायचं असतंय. तारीख लागली की काढ तिकिटं. तो सदरा मळतो की नाही, ते बघूया."