साच्याचा ॲडव्हान्स देण्याआधी

(कोल्हापुरात ऑनलाइन विक्रेत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावाआधी ‘ॲडव्होकेट’ छापलंय, ते आधी खोडा. मी वकील नाही. मी मेकॅनिकल इंजिनिअर आणि पेटंट एजंटची परीक्षा पास झालेली बाई. आमच्या सासूबाई कितीतरी वर्षं शेजारणींना सांगायच्या, ‘आमची सून एजंट आहे, पॉलिसी काढायची असली तर सांगा.’ हसताय काय, दोघी-तिघी खरंच फॉर्म मागायला आल्या होत्या. तर पेटंट एजंट तुमचा अर्ज लिहितो, पेटंट कार्यालयापुढे तो लढवतो, पण कोर्टात उभा राहू शकत नाही. तिथं वकीलच लागतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पेटंट बघायला एआयचं टूल कुठवर पुरतं आणि वकिलाकडे कधी जायचं हाच आजचा विषय आहे आणि त्यात माझं कमिशन नाही.

कोल्हापुरात वकिलांची वानवा तर कधीच नव्हती. चार दशकं लढा दिल्यावर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथंच बसायला लागलं. सहा जिल्हे त्याच्याकडे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. यातले कोकणातले दोन बाजूला काढा. उरले चार, आणि कोल्हापुरी चपलेच्या जीआयमध्ये, म्हणजे वस्तूचं नाव ती जिथली त्या भागापुरतं राखणाऱ्या भौगोलिक मानांकनात, महाराष्ट्राचे म्हणून जे जिल्हे आहेत ते बरोब्बर हेच चार. बाकीचे चार कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. (श्रोत्यांतून आवाज: बेळगाव आपलंच!) हे तुम्ही बोललात, मी नाही. लिहून घेणाऱ्यांनी तशी नोंद घ्यावी.

चपलेचा विषय निघालाच आहे तर सांगते. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली, आणि माझा फोन थांबेना. ‘मॅडम, पेटंटची केस टाका.’ अहो, कशाचं पेटंट? पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पायात असलेली वस्तू नवीन शोध कशी होईल? पेटंट कायदा १९७० चा, त्याचं कलम ३(पी) काढून बघा, पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळतच नाही. आपल्याकडे आहे ते २०१९ चं भौगोलिक मानांकन, आणि तेही दोन महामंडळांच्या नावावर, एक आपलं चर्मोद्योग महामंडळ आणि दुसरं कर्नाटकचं लिडकर. म्हणूनच त्यावरची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये फेटाळली. हक्क ज्याच्या नावावर नोंदलाय त्यानं यावं, बाकीच्यांनी का यावं, असा एकंदर मामला.

हे लांबण लावलं त्याला कारण आहे. एआयच्या टूलला तुम्ही पेटंटचं विचारता आणि ते पेटंटचं उत्तर देतं. तुमचा प्रश्न मुळात पेटंटचा होता की ट्रेडमार्कचा, डिझाइनचा की जीआयचा, हे ते सहसा विचारत नाही. मी ही टूल्स रोज वापरते. चिनी, जपानी कागद मिनिटात मराठीत समोर येतात, त्यासाठी मी त्यांचे आभारच मानते. माझं भांडण टूलशी नाही, त्याच्या हिरव्या रंगाशी आहे.

आता एक गोष्ट सांगते. पोरगा आपल्यातलाच आहे, नाव सांगत नाही, कदाचित इथंच बसलेला असेल. वर हातानं विणलेला कोल्हापुरी पट्टा, खाली जाड गादीचा सोल आणि सोलच्या कडेला लाटांसारखे कंगोरे, अशी त्याची चप्पल. दिसायला खरंच लई भारी. ती त्याला अमेरिकेतल्या एका वेबसाइटवर विकायची होती. पोरगं शहाणं. कुणीतरी सांगितलं होतं, आधी पेटंट बघ, म्हणून त्यानं एक एआय टूल घेतलं, फोटो टाकले, वर्णन लिहिलं. रिपोर्ट आला. तक्ते, आकडे, आणि शेवटी हिरव्या चौकटीत ‘धोका कमी’. त्यानं तो रंगीत प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून आणला. मला दाखवला तेव्हा पहिल्या पानावर हळद-कुंकू होतं.

लगेच शिरोलीत सोलच्या साच्याचा ॲडव्हान्स दिला, माल काढला, समुद्रापार पाठवला. विक्रीही सुरू झाली. आणि एका रात्री मेल आला, तुमची लिस्टिंग बंद केली आहे, हक्कधारकाची तक्रार आहे. खाली पेटंट नंबर, त्याच्या सुरुवातीला ‘डी’ अक्षर.

या ‘डी’पाशी जरा थांबू. आपल्याकडे वस्तूच्या दिसण्याला संरक्षण हवं असेल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी करतात, तो कायदाच वेगळा. अमेरिकेत मात्र त्यालाही पेटंटच म्हणतात, डिझाइन पेटंट. वस्तू काम कसं करते याचं ते पेटंट नव्हे, ती दिसते कशी याचं. त्यात मजकूर जवळजवळ नसतोच. दाव्याची एकच ओळ, ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे’, बाकी सगळी चित्रं. पोराच्या टूलनं शोधले होते शब्द. जिथं शब्दच नाहीत तिथं त्याला काय सापडणार? आता चित्रावरून शोधणारी टूल्सही आली आहेत, पण आपलं टूल त्यातलं आहे का, हे त्या पोरानं विचारलं नव्हतं आणि टूलनंही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. पोरानं उत्तरही एआयकडूनच लिहून घेतलं आणि रात्रीच पाठवून दिलं. सकाळी माझ्याकडे आला, ‘मॅडम, इंग्रजी बघा, कसलं झकास झालंय.’ इंग्रजी झकासच होतं. पट्टा हातानं कसा विणतात, कातडं कसं कमावतात, कारागिरांच्या किती पिढ्या झाल्या, शाहू महाराजांनी या धंद्याला कसा आधार दिला, सगळं होतं. आणि दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘आम्हाला सदर पेटंटची जाणीव होती, तथापि आमचं उत्पादन पूर्णतः भिन्न आहे.’

मी विचारलं, ‘बाळा, तुला जाणीव होती?’

‘नव्हती की ओ. बरं दिसतंय म्हणून ठेवलं.’

बरं दिसतंय! अमेरिकेत माहीत असून उल्लंघन केलं असं ठरलं तर कोर्ट भरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकतं. मशीनला अदबीनं लिहायचं होतं, आणि अदबीच्या भरात त्यानं कबुलीजबाब देऊन टाकला. खाली सही पोराची.

अमेरिकेच्या पेटंटवर मी मत देऊ शकत नाही, तिथला परवाना असलेला माणूस लागतो. तसा एक वकील गाठून दिला. त्यानं पेटंटची चित्रं उघडली आणि व्हिडिओ कॉलवर बोट ठेवून दाखवलं. चप्पल पूर्ण काढलेली होती, पण पट्टा तुटक रेघांनी आणि सोल सलग रेघांनी. तुटक रेघा म्हणजे तो भाग फक्त संदर्भापुरता, हक्क सलग रेघांवर. पोरानं जे पानभर लिहिलं होतं ते सगळं पट्ट्याबद्दल, म्हणजे ज्यावर कुणाचा दावाच नव्हता त्याबद्दल. सोलच्या कंगोऱ्यांबद्दल एक अक्षर नाही.

पुढं काय झालं? कंगोरे बदलावे लागले, म्हणजे नवा साचा. जुना साचा सध्या त्याच्या घरी दाराला अडसर म्हणून आहे. उरलेला माल मात्र वाया गेला नाही. पेटंट ज्या देशाचं त्या देशातच चालतं. इथं त्या डिझाइनची नोंदणी नाही हे आम्ही तपासून घेतलं आणि माल महाराष्ट्रात खपवला. हे कळायलाही माणूसच लागला.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत आणि भेळ मऊ पडायला लागलीय. पत्रिकेत जो विषय छापलाय तो आता उरकते.

माझं म्हणणं असं की वकिलाकडे जायची वेळ कागद किती अवघड आहे यावरून ठरवू नका, परत न येणारा पैसा कधी बाहेर पडतोय यावरून ठरवा. साच्याचा ॲडव्हान्स, परदेशी जाणारी मोठी खेप, त्याच्या आधी जा. नुसती कल्पना चाळत असाल, दहा वस्तूंतून एक निवडत असाल, तर खुशाल टूल वापरा. पण टूलला न दिसणाऱ्या गोष्टी आहेत. अर्ज साधारण १८ महिने प्रसिद्धच होत नाहीत, आणि अमेरिकेतली डिझाइन्स तर मंजूर झाल्यावरच दिसतात. ती वकिलालाही दिसत नाहीत, पण तो तसं सांगतो आणि तुमचा करार त्या हिशेबानं लिहितो. उलटही होतं. वार्षिक फी न भरल्यामुळे मेलेल्या पेटंटला टूल लाल दिवा दाखवतं आणि तुम्ही चांगली वस्तू सोडून देता.

शोध तुमचा स्वतःचा असेल तर लिस्टिंग टाकायच्या आधी या. आपल्याकडे वस्तू एकदा उघड विकली की नावीन्य गेलं, म्हणजे पेटंटही गेलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांना आहे, तुमच्या ऑनलाइन दुकानाला नाही. व्यक्तीला अर्जाची फी १६०० रुपये आहे. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्या. एआय तुम्हाला थेट अमेरिकेचा अर्ज लिहून देईल, पण कलम ३९ ची आठवण करून देईलच असं नाही. इथं राहणाऱ्यानं परदेशात अर्ज करण्याआधी परवानगी घ्यायची, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. शोधक म्हणून एआयचं नाव मात्र घालू नका. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ते फेटाळलंय.

पेटंट नंबर असलेला मेल किंवा नोटीस आली की त्याच दिवशी वकील. ॲमेझॉनची अमेरिकेत पेटंटच्या तक्रारी निकाली काढणारी यंत्रणा आहे, एपेक्स म्हणतात, ती वस्तू काम कसं करते त्याच्या पेटंटसाठी, डिझाइनसाठी नाही. तीन आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर लिस्टिंग जातं. लढायचं तर ४,००० डॉलर ठेवायचे, जिंकलात तर परत मिळतात. शिकागोच्या फेडरल कोर्टात तर शेकडो विक्रेत्यांची यादी जोडून एकच दावा लावतात, आणि खातं गोठल्यावर तुम्हाला कळतं. तुम्हीच कुणाला धमकीचं पत्र पाठवणार असाल तरी आधी विचारा. बिनबुडाची धमकी दिली तर कलम १०६ खाली समोरचा तुमच्यावर दावा करू शकतो.

उत्पादनाचं वर्णन एआयकडून लिहून घेता ना? त्यात ‘पेटंटेड कम्फर्ट’ असं काही घुसलंय का ते आज घरी जाऊन बघा. पेटंट नसताना तसं लिहिलं तर कलम १२० खाली दंड दहा लाखांपर्यंत आहे.

आणि वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ बघा. ते संरक्षण मला नाही, मशीनला तर नाहीच. त्यामुळे ‘मी त्यांचं बघूनच केलंय, आता कसं सुटू’ असलं काही चॅटमध्ये टाइप करू नका.

जाताना रिपोर्ट न्या, सगळ्या बाजूंचे फोटो न्या, साच्याचं तारखेसह बिल न्या. आधीच उत्तर पाठवलं असेल तर तेही दाखवा, लपवू नका. फी किती, हे पहिल्याच भेटीत विचारा, त्यात लाज कसली. मी भेळेपाशी आहे, प्रश्न तिथं विचारा. पण मोबाइलवर दुसऱ्याच्या वस्तूचा फोटो दाखवून ‘मॅडम, हे चालतंय का?’ एवढंच कुणी विचारलं, तर मी सासूबाईंकडे पाठवीन, पॉलिसी काढायला.