पिशवी उलटी करा: हेपॅटायटिस सीच्या गोळ्यांबद्दल थोडं आणि पित्ताबद्दल बरंच

नमस्कार. माइक चालू आहे ना? मागं ऐकू येतंय? हां, बरं. बाहेर धो धो चालू आहे आणि आपल्या सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती ते ग्रुपवर दर तासाला येतंय, त्यामुळं निम्म्या लोकांचा एक हात खिशातल्या फोनवर आहे हे मला इथनं दिसतंय. असू दे. वाढली तर मलाही सांगा, माझं दुकान २०१९ ला पाण्यात गेलेलं आहे, या बाबतीत तुमच्यापेक्षा मला जास्त घाई असते.

तर पत्रिकेवर विषय छापलाय 'हेपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरक्षितपणे कशा घ्याव्यात'. परवाच २८ जुलै झाला, जागतिक हेपॅटायटिस दिवस, त्यानिमित्त. पाऊण तास मिळालाय, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली, नारळ इथं ठेवलाय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, नाहीतर चहाच्या वेळी रिपोर्ट घेऊन उभे राहाल. मी केमिस्ट, छत्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहिलेला माणूस. आणि याच आजाराचा जुना पेशंट. होतो. आता नाही.

सुरू करण्याआधी एक काम करा. रोज काहीतरी औषध घेणाऱ्यांनी हात वर करा. ...साधारण निम्मे. ठीक. आता रोज सकाळी उठल्यावर उपाशीपोटी पित्ताची गोळी घेणाऱ्यांनी हात वर करा. बघा! हात वाढले की नाही? म्हणजे पहिल्यांदा ज्यांनी हात वर केला नाही त्यातले कितीतरी जण आत्ता करतायत. अहो, मग ते काय चॉकलेट आहे का?

हे एवढंच मला सांगायचंय खरं तर. इथं थांबलो तरी चालेल. पण तुम्ही पावसात आलाय, म्हणून माझी गोष्ट सांगतो.

१९९४ ला माझा स्कूटरचा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा दान केलेल्या रक्ताची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी आपल्याकडं सक्तीची नव्हती, ती २००१ च्या सुमारास झाली. आणि लिव्हर बिघडवणारा तो व्हायरस सापडलाच मुळी १९८९ ला, त्याआधी त्याचं नाव काय होतं माहितीय? 'नॉन-ए नॉन-बी'. म्हणजे लग्नपत्रिकेत वराचं नाव माहीत नाही म्हणून 'रमेश नाही आणि सुरेशपण नाही' असं छापल्यासारखं. त्या शोधाशी संबंधित तिघांना, आल्टर, हॉटन आणि राइस, २०२० ला नोबेल मिळालं. तर तो पाहुणा माझ्या अंगात चोवीस वर्षं राहिला आणि त्यानं मला एकदाही हाक मारली नाही. ना कावीळ, ना ताप. थोडं थकल्यासारखं व्हायचं, ते दुकानामुळं असेल असं मी धरून चाललो. २०१८ ला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रुटीन रक्त तपासलं आणि त्यात पॉझिटिव्ह. मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते, एलएफटी, म्हणजे लिव्हर काम कसं करतंय ते, सोनोग्राफी, आणि लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन, सगळी वरात. लिव्हर थोडं कडक झालेलं पण सिरॉसिसपर्यंत, म्हणजे पार वण पडून आकसण्यापर्यंत, गेलेलं नव्हतं.

ही बातमी घरी कळल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. हेपॅटायटिस म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे उतरवायची. मेव्हणा म्हणाला अमुक गावात एक बाबा माळ घालतात. ती माळ पाहिलीय ना तुम्ही? बारीक बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या, डोक्यावर ठेवायची, रोज थोडी मोठी होते आणि खाली उतरत जाते, पोटापर्यंत आली की कावीळ गेली. अहो, ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात, दोरा सुटतो आणि माळ लांब होते. खुंटीवर टांगून ठेवली तरी होते, मी टांगून बघितलीय! खुंटीला कावीळ नव्हती. आणि दुसरं ते हात धुण्याचं. हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळंजर्द, बघा कावीळ निघाली. ते साल आणि चुना यांचं काम आहे, माझे हात धुतले काय किंवा त्या बाबाचे धुतले काय, पाणी पिवळंच होणार. बरं, हेपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची आपली आपण काही आठवड्यांत जाते, म्हणून या बाबांचं नाव होतं. सी तसा जात नाही, एकदा मुरला की तो लिव्हरमध्ये घर बांधून बसतो. माळेनं त्याला काही होत नाही. पण माळेनं निदान नुकसान तरी होत नाही, काढ्यानं होऊ शकतं, त्यावर येतो. वेळ राहिला तर.

तर उपचार. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, आठवड्याला एक, बऱ्याच जणांना ४८ आठवडे, अंग फणफणायचं, केस गळायचे, माणूस चिडचिडा व्हायचा आणि एवढं करून कितीतरी जणांचा व्हायरस तसाच. मग गोळ्या आल्या. सोफोसबुव्हिर अमेरिकेत २०१३ च्या डिसेंबरात आली तेव्हा एका गोळीला हजार डॉलर. रोज एक, बारा आठवडे, ८४ गोळ्या, ८४ हजार डॉलर. आपल्याकडं ८४ लक्ष योनी फिरल्यावर माणसाचा जन्म मिळतो म्हणतात, तिकडं ८४ हजार मोजले की होता तोच परत मिळायचा. नंतर भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना मिळाला आणि किंमत जमिनीवर आली, आणि २०१८ च्या जुलैपासून तर राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी उपचार केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही. बरे होणाऱ्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आहे. एवढं चांगलं औषध मी छत्तीस वर्षांत काउंटरवरून फार वेळा दिलेलं नाही.

मला सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिर एकत्र असलेली गोळी दिली. डॉक्टरांनी विचारलं, "अजून कुठलं औषध चालू आहे?" मी काय म्हणालो असेन? "काही नाही, बीपीची एक आहे तेवढी." केमिस्ट माणूस! डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, मी गोळ्या आणल्या, बाटलीत २८ असतात, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला उठायचं, पित्ताची गोळी घ्यायची, अर्ध्या तासानं चहा आणि चहासोबत ती हजार डॉलरवाली. गेली पंधरा वर्षं पित्ताची तशीच घेत होतो, हात आपोआप डब्यात जायचा. बोट लावून सांगता येईल, वरून दुसरा कप्पा, डावीकडं.

पाचव्या आठवड्यात दाखवायला गेलो तर आमची ही सोबत होती. डॉक्टरांनी परत तोच प्रश्न विचारला, मी परत तेच उत्तर दिलं. ही म्हणाली, "अहो, पित्ताची घेता की रोज उठल्या उठल्या." आणि तिनं तिची ती कापडी पिशवी, दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात असलेली, टेबलावर उलटीच केली. त्यातनं काय काय निघालं ऐका. पित्ताच्या गोळ्यांची स्ट्रिप, अर्धी. गुलाबी पातळ औषधाची बाटली, झाकण चिकटलेलं. मेव्हण्यानं दिलेला लिव्हरचा काढा, लेबल नाही. गुळवेलीच्या गोळ्या. गुडघ्याची गोळी. आणि एक पांढरी गोळी कागदात गुंडाळलेली, ती कशाची हे आजतागायत कळलेलं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही केमिस्ट ना?" त्यानंतर जी शांतता होती ना, ती मला अजून ऐकू येते.

कारण असं आहे. व्हेल्पाटासव्हिर विरघळायला पोटात आंबटपणा लागतो. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही मंडळी तो आंबटपणाच बंद करतात. म्हणजे औषध पोटात जातं पण रक्तात पुरेसं उतरत नाही. आणि औषध कमी पडलं की व्हायरस नुसता टिकत नाही, त्याच औषधाला सरावू शकतो, मग पुढचा उपचार अवघड. पाच आठवडे मी हा उद्योग केला. मग ती गोळी बंद झाली आणि पुढचे पंधरा दिवस जे पित्त उसळलं, कारण एवढ्या वर्षांची सवय एकदम बंद केली की पोट सूड घेतं, मी रात्री खुर्चीत बसून झोपायचो. भडंग बंद. सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे काय ते तुम्हीच समजा. दोन उश्या, आठला जेवण, तिखट नाही. आणि जळजळ अगदीच असह्य झाली तर ते गुलाबी औषध, पण मुख्य गोळीपासून आधी-नंतर चार तासांचं अंतर ठेवून. काहींना पित्ताची गोळी खरंच गरजेची असते, अल्सर वगैरे, त्यांना डॉक्टर कमी डोसमध्ये, जेवण आणि वेळेचं गणित घालून देतात, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या. माझा रिपोर्ट शेवटी निगेटिव्ह आला. नशीब. यात माझी हुशारी शून्य.

आणि माझी तक्रार, आता मांडतोच. आपल्याकडं दाताला गेलं तरी चिठ्ठीत शेवटी पित्ताची गोळी, गुडघ्याला गेलं तरी, तापाला गेलं तरी. पाच दिवसांसाठी लिहिलेली असते, आपण पाच वर्षं घेतो. दोष लिहिणाऱ्यांचा नाही म्हणत मी, दोष आम्हा काउंटरवाल्यांचाही आहे, "ती पित्ताची द्या हो" म्हटलं की आम्ही चिठ्ठी न बघता स्ट्रिप कापून देतो. मी स्वतः किती कापल्या असतील.

संयोजकांची चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. दहा मिनिटं? सात? बरं, मग आता जे छापलंय ते पळत पळत.

पहिलं म्हणजे स्वतःच्या गोळीचं नाव पाठ करा, 'लिव्हरची गोळी' नाही, नाव. कारण सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटासव्हिर असेल तर पित्ताच्या गोळीचा हा घोळ होत नाही, व्हेल्पाटासव्हिर किंवा लेडिपासव्हिर असेल तर होतो. रोज ठरलेल्या वेळी एक, मी मोबाइलला गजर लावायचो, आणि संपायच्या आठवडाभर आधी पुढची बाटली हातात पाहिजे. एखाद्या दिवशी विसरलात तर माझ्यावाल्या गोळीचा नियम असा की ठरल्या वेळेपासून १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या, त्यानंतर आठवलं तर ती सोडा आणि पुढची वेळेवर घ्या, दोन एकदम कधीही नाही. घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यायची. बरं वाटतंय म्हणून मधेच बंद नाही, आणि भावाला पण तोच आजार आहे म्हणून त्याला अर्ध्या गोळ्या वाटणं तर अजिबात नाही, लक्ष्मणाला संजीवनी दिली तशी ही वाटायची नसते.

टीबीवरची रिफाम्पिसिन, फिटच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, या औषधांनी हिचा असर मारला जातो, सोबत चालत नाही. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवायला अमिओडारोन घेणाऱ्यांनी तर हे पहिल्या मिनिटाला सांगायचं, सोफोसबुव्हिरसोबत ठोके धोकादायक मंद झाल्याच्या घटना घडल्यात, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ लाच इशारा दिलाय. कोलेस्टेरॉलची गोळी असेल तर डोस बदलावा लागू शकतो, अंग फार दुखलं तर कळवा. शुगरवाल्यांनो, व्हायरस जायला लागला की शुगर कधी कधी आपोआप उतरते आणि जुन्याच डोसवर चक्कर येते, तेव्हा घरी मोजत राहा. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेत असाल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, वारंवार तपासा. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा, लाजू नका.

काहींना, विशेषतः सिरॉसिस पुढं गेलेल्यांना, सोबत रिबाव्हिरिन देतात. त्यानं हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून मधे मधे रक्त तपासायचं, आणि गर्भाला ते फार घातक आहे, तेव्हा नवरा घेत असो की बायको, उपचारात आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. काढ्याचं राहिलं, एका वाक्यात सांगतो, २०२१ ला मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट छापले, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद चालू दे, पण लिव्हरवर उपचार चालू असताना त्या वादात आपलं लिव्हर कशाला घालायचं? दारूचं मी बोलत नाही, इथं सगळे दूध पिणारे बसलेत.

कोर्स संपल्यावर बारा आठवड्यांनी व्हायरल लोड करायचा, तो निगेटिव्ह आला म्हणजे बरे झालात. सगळ्यात आधी करतात ती अँटिबॉडी टेस्ट, म्हणजे व्हायरस कधीतरी येऊन गेल्याची खूण शोधणारी, ती मात्र बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच येणार, मला दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या वेळी लॅबचा मुलगा घाबरून बाजूला घेऊन गेला होता, मी त्यालाच पाणी पाजलं. अँटिबॉडी आहे म्हणून परत होत नाही असं नाही, दुसऱ्याचं ब्लेड, जत्रेतलं गोंदण, वापरलेली सुई, यातनं परत होऊ शकतो, आणि याची लस नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हे सुनांना आणि सासवांना दोघींनाही सांगतोय. सिरॉसिस झालेल्यांनी व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी सोडायची नाही.

झालं. नारळ घेतो. ...अरे थांबा थांबा, बसा, सगळ्यात मोठं तर राहिलंच. हेपॅटायटिस बी! या गोळ्या सुरू करायच्या आधी बी ची तपासणी झालीच पाहिजे, आत्ताच्या नव्हे तर जुन्या, होऊन गेलेल्या बी ची सुद्धा. दोन्ही व्हायरस एका घरात असले की सी बी ला दाबून ठेवतो, गोळ्यांनी सी गेला की बी मोकाट सुटतो, लिव्हर निकामी होऊन माणसं दगावलेली आहेत. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा.

पातळी किती म्हणालात? एकतीस फूट? इशारा चाळीसला असतो. मग वेळ आहे की, विचारा काय विचारायचं ते. काकू, ती पिशवी आणा इकडं.